सकाळी मी गेलो तेव्हा हात चांगला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, देवाला नाही. रोज अंघोळ करून कपाळाला विभूती लावतो, डोळे मिटून बसतो, पण हा विषय त्याच्यापुढंही कधी काढला नाही. त्याला माहीत असेल तर असू दे. माहीत असणं वेगळं, आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर किती वेळा तोंड उघडलं — आणि "चहा घेता का?" म्हणून मिटलं.

आताच का? गेल्या महिन्यात मला सांभाळायला बाई ठेवली. माझे हात थरथरतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो. नांदेडहून माझी मुलगी वैशाली आली, इथंच लातुरात, घरी माणूस सांभाळायला बाया पुरवणाऱ्या एका सेंटरमधून बाई ठरवली. बाईला स्वयंपाकघर दाखवलं, गोळ्यांचा डबा दाखवला आणि मग समोर बसवून म्हणाली, "मावशी, एक आधीच सांगून ठेवते. आमच्या अक्काला सांभाळायला एक बाई होती, तिनं अक्काचा हात मोडला. म्हणून घरात कॅमेरा आहे. मनाला लावून घेऊ नका."

बाईनं मान हलवली. मी बशीत चहा ओतत होतो. थोडा धोतरावर सांडला. वैशालीला वाटलं, हात थरथरला.

मी उरलेला चहा पिऊन टाकला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागलो होतो. अक्काचं लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. तिनं मला वाढवलं. माझं लग्न तिनं जमवलं, गंजगोलाईजवळचं आमचं भांड्यांचं दुकान मी उधळू नये म्हणून तिनं मला धाकात ठेवलं, माझी बायको वारली तेव्हा वैशालीच्या वेण्या तिनं घातल्या. गावात कुणीही सांगेल — अक्का होती म्हणून हे घर उभं राहिलं. हे मी का सांगतोय? तिची थोरवी कळावी म्हणून नाही. मी कुणाचा हात धरला होता ते तुम्हाला कळावं म्हणून.

अक्काला लकवा झाला तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. उजवं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा. वाचा अगदीच गेली असंही नाही — एक शब्द राहिला. 'हाव.' आपल्याकडं होकाराला म्हणतात तसं, हाव. भूक लागली का? हाव. पोट भरलं का? हाव. दुखतंय का? हाव. दुखत नाही ना? हाव. नको म्हणायचं असलं तरी तोंडातून हावच यायचं, आणि मग तीच चिडून डोळे मिटायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कळतं त्यांना सगळं, फक्त शब्द सापडत नाही. येणारे-जाणारे त्या हावला फसायचे. मी फसायचो नाही. साठ-पासष्ट वर्षं एका छपराखाली काढली होती. आवाज कसा वर गेला, कुठं तुटला, यावरून मला कळायचं.

आणि तिचा डावा हात होता. तो हात म्हणजे तिची जीभ म्हणा. डाव्या हातानं ती सांडत-लवंडत जेवायची, पदर ओढून घ्यायची, चमच्यानं पलंगाची दांडी वाजवून हाक मारायची, बोट करून दाखवायची — ते दे, हे हटव, खिडकी लाव. सकाळी मी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्या डाव्या तळहातावर ठेवायचो. आम्हा लिंगायतांत लिंग डाव्या तळहातावरच घेतात. उजव्यानं पूजा करणं आता नव्हतं, पण ती नुसती बघत बसायची त्याच्याकडं. तेवढा वेळ तिचं तोंड पूर्वीसारखं दिसायचं.

अक्काला सांभाळायला संगीताबाई मुरूडहून यायची, सकाळच्या बसनं. पस्तीस-चाळिशीची असेल. तिच्या सेंटरच्या मालकानं आम्हाला सांगितलं होतं, आमच्या सगळ्या बाया ट्रेन्ड आहेत. संगीताबाईनंच एकदा हसत सांगितलं, "कसलं ट्रेनिंग अप्पा, निळा कोट दिला आन् बीपीची पट्टी कशी बांधायची ते दावलं. बाकी सासूचं केलं तेच इथं करते." मी तिला उगाच चांगली म्हणणार नाही. ती उशिरा यायची. दुपारी अक्काच्या पलंगाला टेकून घोरायची. फोनवर तिच्या भावजयीशी भांडायची ते बैठकीपर्यंत ऐकू यायचं. वरणात मीठ जास्त. मी तिला चारदा रागावलो असेन. पण ती आली की अक्का हसायची. ती अक्काशी न थांबता बोलायची — कंडक्टर काय म्हणाला, मुरूडच्या बाजारात कोथिंबीर कशी होती, तिच्या मुलीनं परीक्षेत काय दिवे लावले — आणि अक्का मध्ये मध्ये हाव, हाव करायची. दोघींचं काहीतरी चाललेलं असायचं. मला त्याचा राग यायचा का? यायचा. थोडा यायचा.

त्या रविवारी संगीताबाई येणार नव्हती. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता, तिनं आठवडाभर आधी सांगितलं होतं. सेंटरचा मालक म्हणाला, बदली बाई पाठवतो, काळजी करू नका. सकाळ गेली, कुणी आलं नाही. फोन केला तर "निघाली आहे". परत केला तर उचलेना. ती बदली बाई कधीच आली नाही. घरी बाई ठेवलेल्या माणसाला हे नवं नाही. सुट्टीच्या दिवशी पलंगावरचं माणूस कुणाचंच नसतं.

अक्काला डायपर असायचं. ते बदलायचं काम मी कधी केलं नव्हतं. थोरली बहीण, तिला कसं — असं मी स्वतःला सांगत होतो. दुपार झाली. खोलीत वास यायला लागला. अक्का दांडी वाजवत होती, हाव, हाव, हाव. मी बैठकीत टीव्हीचा आवाज वाढवला. वाढवला, हो. शेवटी गेलो. नाकाला उपरणं बांधलं, तिला कुशीवर वळवलं, कसंबसं आवरलं. त्या धडपडीत तिचा हात दुखावला.

असं मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणतो — धडपडीत दुखावला. पुढं सांगतो.

रात्रभर ती कण्हत होती. मी दुधात तापाची गोळी कुस्करून पाजली. सोमवारी संगीताबाई आली, दार उघडलं, आणि मी लगेच चपला घातल्या. रोज मी तिच्या हातचा चहा घेऊन निघायचो. "झोपलीय, उठवू नका," म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. त्या सकाळी मी अक्काच्या तळहातावर लिंग ठेवलं नव्हतं. ठरवून निघालो का? तेव्हा वाटलं, नुसतं पळायचंय. पण दुकानाचं शटर वर करीपर्यंत माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. कुणी विचारायच्या आधी तयार होतं, हे लक्षात घ्या.

थोड्याच वेळात फोन आला. "अप्पा, लौकर या. अक्काचा हात लई सुजलाय. हात लावू देईना, नुसती रडायलीय. मी शेजारच्या वहिनीला बोलवलंय."

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर तरुण होता. दंडाचं हाड तिरकं, पिळल्यासारखं मोडलं होतं. तो म्हणाला, "पडल्या होत्या का?" मी नाही म्हणालो. "नुसत्या पडून असं मोडत नाही काका. कुणीतरी पिरगाळलाय. आणि सूज आजची वाटत नाही."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "सकाळी मी गेलो तेव्हा हात चांगला होता."

शेजारच्या वहिनी सोबत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि संगीताबाईकडं बघितलं. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हा आता पुढं विचारेल. सूज आजची नाही म्हणालाच होता, एक प्रश्न अजून विचारला असता तर मी तिथंच कोसळलो असतो. पण समोर पांढऱ्या धोतरातला म्हातारा, डोळ्यांत पाणी — ते पाणी खरं होतं, खोटं नव्हतं — त्यानं पुढं विचारलं नाही.

संध्याकाळी वैशाली नांदेडहून आली. सेंटरचा मालक आला, हात जोडूनच आत शिरला. पोलिसात जाऊ नका, सेंटरचं नाव जाईल, बाईला आजच काढून टाकतो, एवढंच बोलत होता. बदली बाई का पाठवली नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते विचारलं असतं तर रविवारी घरात कोण होतं हा प्रश्न आला असता.

तो संगीताबाईनंच काढला. ती दाराला टेकून उभी होती, निळ्या कोटावर रडून रडून डाग पडले होते. "रविवारी मी नव्हते," ती म्हणाली. "मी आले तवाच हात सुजलेला होता. रविवारी अप्पा होते."

वैशाली उठूनच उभी राहिली. "अप्पांवर घेता? अक्कानं त्यांना आईसारखं वाढवलंय! लाज वाटत नाही का?"

मी खाली मान घालून बसलो होतो. दुखावलेल्या माणसानं बसावं तसा.

"मग अक्कालाच विचारा की," संगीताबाई म्हणाली. "तिला समदं कळतंय."

वैशाली म्हणाली, "अप्पा, तुम्ही विचारा. तिचं बोलणं तुम्हालाच कळतं."

मी उठलो. पलंगाजवळ गेलो. अक्काचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता, छातीशी बांधलेला. बोट करून दाखवायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. प्रश्न कसा विचारायचा ते माझ्या हातात होतं. हात कसा मोडला, असं विचारता आलं असतं. तिला उत्तर देता आलं नसतं आणि विषय तिथंच थांबला असता. मी काय विचारलं?

"अक्का, ह्या बाईनं केलं का?"

"हाव," अक्का म्हणाली.

ती कशी म्हणाली ते मला माहीत आहे. तो आवाज वर गेला आणि मध्येच तुटला. त्यात होकार नव्हता. त्यात काय होतं ते त्या खोलीत फक्त दोघांना कळलं — मला आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईला.

"दुसरं कायबी इचारा!" संगीताबाई ओरडली. "ती हावच म्हनते! अप्पानं केलं का इचारा, तरी हावच म्हनंल! अप्पा, तुम्हाला तर ठावं हाय की ओ!"

मालक तिच्यावर खेकसला, "तूच म्हणालीस ना, अक्काला विचारा म्हणून? आता गप."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "जाऊ द्या. तिला जाऊ द्या. मला पोलीस-बिलीस काही करायचं नाही." आणि वैशाली, वहिनी, तो मालक, सगळे मला किती मोठ्या मनाचा म्हणाले.

आता तो रविवार. मघाशी सांगितला तसा नव्हता तो. तुम्हाला कळलंच असेल.

तिला कुशीवर वळवताना हात मोडला नाही. तेव्हा हात चांगला होता. डायपर बदलून झालं होतं. मी घाण गुंडाळून बाजूला ठेवली आणि निघालो होतो, उपरणं अजून नाकावर होतं. अक्कानं डाव्या हातानं माझा शर्ट धरला. मुठीत घट्ट. ओढत होती, आणि हाव, हाव म्हणत होती. का धरला? ती उघडी पडली होती. लुगडं मी वर केलेलं तसंच होतं, चादर पायाशी गोळा झाली होती. तिला एवढंच हवं होतं की मी ती चादर तिच्या अंगावर घालावी. हे मला मागाहून सुचलं असं सांगायचा मोह होतो. पण मला ते तेव्हाच कळलं होतं. तिच्या डोळ्यांनी ती चादरीकडं आणि माझ्याकडं बघत होती. तिचं सगळं बोलणं मला कळतं हे मीच मघाशी सांगितलं ना?

"सोड," मी म्हणालो.

"हाव."

"सोड म्हणतो ना."

"हाव."

मग मी तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि पिळला. ओलं धोतर पिळतात तसा. सुटावा म्हणून नाही. सुटला होता तो, पहिल्या हिसक्यातच मूठ सुटली होती. त्यानंतर पिळला. आवाज झाला. तुरीची वाळकी तुराटी मोडते तसा.

आणि एक क्षण — तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण हे सांगितल्याशिवाय बाकी सगळं सांगून उपयोग नाही — एक क्षण मला बरं वाटलं. सकाळपासून जे साचलं होतं ते मोकळं झाल्यासारखं. अक्का ओरडली नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मी आधी बाहेर गेलो, मोरीत हात धुतले, साबण लावून धुतले. परत आलो तेव्हा ती तशीच उघडी होती. चादर मी तेव्हा घातली.

दमलो होतो, हे खरं. एकटा होतो, हेही खरं. सेंटरनं दगा दिला, खरं. जगात कितीतरी माणसं याहून जास्त दमतात, आणि चादर घालून खोलीबाहेर येतात.

पुढं काय झालं तेही ऐका, कारण मोडला तो एक हातच नव्हता. वैशालीनं अक्काच्या खोलीत कॅमेरा बसवला. नांदेडला बसून ती फोनवर बघायची. बायांवर नजर राहावी म्हणून बसवला होता, आणि त्या खोलीत तो मला धाक दाखवत होता. कॅमेरा आल्यावर मी अक्कावर एकदाही आवाज चढवला नाही. म्हणजे मला आवरता येत होतं.

संगीताबाईला लातुरात काम मिळेना. एका सेंटरनं काढलं की दुसऱ्यांना कळतंच. ती एकदा घरी आली होती, भर दुपारी. पायरीवर उभी राहिली. "मला परत ठेवू नका अप्पा," म्हणाली, "फक्त एकदा अक्काला बगू द्या. मी आपलं बोलून जाते." मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, "तिला त्रास होईल." मी दार लावलं. आतून मला अक्काचा आवाज येत होता. तिला संगीताबाईचा आवाज ऐकू गेला होता.

नव्या बाया आल्या. एक गेली, दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांना येण्याआधीच कळलेलं असायचं — त्या घरात म्हातारीचा हात मोडला आणि बाईवर आलं. मग कोण कशाला हात लावेल? कॅमेऱ्यासमोर त्या अक्काला काचेच्या भांड्यासारखं धरायच्या. भरवायच्या, डायपर बदलायच्या, पण कुशीवर वळवायचं म्हटलं की, "नको अप्पा, काही झालं तर आमच्यावर येतं." तेल लावून अंग चोळणं बंद झालं. दिवसच्या दिवस ती एकाच अंगावर पडून राहायची. एकीनं तर मला समोर बोलावून सांगितलं, वळवायचं असेल तर तुम्ही वळवा, मी बाजूला उभी राहते. मी वळवलं नाही. माझा हात लागला की अक्काचं सगळं अंग आखडायचं. कंबरेखाली जखम झाली. आधी रुपयाएवढी, मग तळहात मावेल एवढी. हवेची गादी आणली, ड्रेसिंगला माणूस आला. पण ती जखम वळवल्याशिवाय भरत नसते.

प्लॅस्टर निघालं, तरी हात पूर्वीसारखा झाला नाही. बोटं उघडेनात. लिंग ठेवलं तर घरंगळून पडायचं. दोन-चार दिवस बघितलं, मग मी ठेवायचं सोडलं. ती दांडी वाजवत नव्हती, बोट करत नव्हती. हावसुद्धा कमी झालं. एक मात्र करायची. मी खोलीत शिरलो की तो हात हळूहळू सरकवून चादरीच्या आत घ्यायची. वैशाली फोनवर बघायची ना, तिच्याही ते लक्षात आलं. मला म्हणाली, "अप्पा, अक्काला थंडी वाजते वाटतं, हात आत घेते. पंखा कमी ठेवा." मी पंखा कमी केला.

शेवटी वैशालीनं तिला नांदेडला नेलं. तिकडं आधी ती थोडी सुधारली म्हणे. पाहुण्यांना हसायची. मी भेटायला गेलो की हात आत जायचा. मग जखमेचं विष अंगात पसरलं, आणि ती गेली. मातीच्या वेळी समाजातले लोक म्हणाले, बहिणीचं एवढं करणारा भाऊ आता बघायला मिळत नाही. कुणी मला खांद्याला धरून बसवलं. मी बसलो. पाणी दिलं ते प्यालो.

ती गेल्यावर वर्षभरानं मी मुरूडला गेलो. सांगायला गेलो होतो. बसमध्ये मनात शब्द जुळवत होतो. संगीताबाईचं घर विचारत विचारत सापडलं. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढं उंच ओटा. वीस-बावीस वर्षांची मुलगी भांडी घासत होती. नाकडोळे आईचेच. माझ्याकडं बघून हात धुऊन आली, खुर्ची आणली, तांब्या भरून पाणी दिलं.

"आई हाय का?" मी विचारलं.

"आई पुण्याला राहती. एका म्हाताऱ्याकडं, चोवीस तास. सणालाच येती."

"लातुरात होती ना पूर्वी?"

"होती की. मग तिथं एका घरी तिच्यावर आळ घेतला लोकांनी. कुणी कामच देईना. जाऊन येऊन करायची तवा घरी तरी असायची. मी बारावीला होते, ती गेली तवा." ती हे सांगताना चिडली नाही, रडली नाही. पीक गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "काम होतं का काका? फोन लावते थांबा, आत्ता मोकळी असल ती."

तिनं फोन काढला. नंबर लावायला लागली. त्या फोनच्या पलीकडं ती होती. मी एवढ्या लांब याचसाठी आलो होतो ना?

"नको, नको," मी म्हणालो. "सहज आलतो. बाजारात काम होतं."

मी उठलो. ओट्यावरून उतरताना तोल गेला, तेव्हा माझं हे थरथरणं नुकतंच सुरू झालं होतं. मुलगी पटकन पुढं झाली. तिनं माझं कोपर धरलं, दुसरा हात पाठीमागं घेतला आणि मला एकेक पायरी उतरवलं. "सावकाश, सावकाश काका. बाहेर येताना कुणाला तरी संगं घेत जावा." रस्त्यापर्यंत ती आली, रिक्षा थांबवली, मला बसवलं. माझा पाय आत घेतला.

"आईला काय सांगू?" तिनं विचारलं. "कोण आलतं म्हनून?"

माझं नाव मन्मथ आहे. मन्मथअप्पा म्हटलं की तिच्या आईला लगेच कळलं असतं.

"मुरलीधर," मी म्हणालो. "मुरलीधर आला होता म्हण."